फडक्याखालची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. धायरीच्या एका सोसायटीत, बाल्कनीतल्या माशांच्या टाकीशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात जे असेल ते कुणालाही दिसते. मित्रांनो, या गोष्टीचा मला पूर्वी अभिमान होता. नंतर एकदा याच गोष्टीमुळे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

कारखान्यातले माझे बालपण मला आठवत नाही. आठवते ते मथुराबाईंचे स्वयंपाकघर. त्या माझ्यात कैरीचे लोणचे भरत, तोंडाला स्वच्छ फडके बांधत आणि मला कपाटात मागे ठेवत. लोणचे मुरायच्या आत कुणी मला हात लावला, तर त्या घर डोक्यावर घेत. पुढे माझे झाकण फुटले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. घासूनही न जाणारा वास अंगाला घेऊन मी तिथे पडून राहिले.

मला खाली आणले ते त्यांच्या मुलाने, साईनाथने. तो हिंजवडीला कंपनीत कामाला जातो, पण त्याचा जीव माशांत. कर्वेनगरला असेच मासे पाळणाऱ्या महिपतीकाकांनी त्याला नारळाच्या काथ्याच्या दमट भुशाची एक पिशवी दिली होती. त्या भुशात मोहरीहून बारीक अंडी होती. दक्षिण अमेरिकेत काही डबकी पावसाळ्यापुरतीच भरतात. ती आटली की त्यांतले किलीफिश मासे मरतात, पण त्यांची अंडी चिखलात झोपून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. काका म्हणाले होते, "पाऊस तूच पाडायचा. पण पिशवीवरची तारीख उलटल्याशिवाय नाही."

साईनाथने तारीख पाळली. पिल्ले झाली, वाढली. निळ्याशार अंगावर पांढरे ठिपके असलेले नर पाहून शेजारीपाजारी थक्क व्हायचे. साईनाथ माझ्यात भुसा भरून मला टाकीत ठेवायचा. मग नर मादीला घेऊन माझ्याकडे यायचा आणि दोघे अंगाला अंग लावून भुशात सूर मारायचे. मी त्यांची बाळंतिणीची खोली होते. त्यांनी अंडी घातलेला भुसा साईनाथ पिळून पिशवीत भरायचा आणि वर तारीख लिहायचा. लोक फोटो काढत, त्यांत मीही असे. मला शिंगे फुटली होती, खोटे कशाला बोलू?

काही महिन्यांत ते मासे म्हातारे होऊन गेले. त्याच उन्हाळ्यात पाणी तापून महिपतीकाकांच्याही टाक्या रिकाम्या झाल्या. आता तो वाण फक्त साईनाथच्या एका पिशवीत उरला होता. काका फोनवर म्हणाले, "सांभाळ रे. फुटतील तेव्हा चार पिल्लं मला दे."

अशात एका रविवारी कंपनीतले मित्र घरी आले. साईनाथने माशांचा एवढा गवगवा केला होता की सगळे थेट बाल्कनीत घुसले. टाकी रिकामी. त्यांतल्या राकेशने पिशवी वर धरली. "भाई, फिश कुठाय? हे तर कोकोपीट आहे. गार्डनिंगचं चॅनेल काढ!"

सगळे हसले. साईनाथचे कान लाल झाले.

"थांब, लाइव्ह दाखवतो," तो म्हणाला. तारखेला अजून दोन महिने होते. त्याने ती पाहिली, मी त्याला पाहताना पाहिले. तरी त्याने भुसा माझ्यात ओतला आणि वर गार पाणी सोडले. थोड्या वेळाने डोळे असलेल्या काड्यांसारखी पिल्ले हलू लागली. टाळ्या पडल्या, मोबाइल निघाले. मीही फुशारले.

सकाळी एकही पिल्लू वर आले नव्हते. अर्धवट वाढीची ती पिल्ले तरंगू शकत नव्हती. ती माझ्या तळाशी पोट घासत सरपटत होती. ते घासणे मला कळत होते. साईनाथ रोज त्यांना खाऊ घाली आणि रोज काही मेलेली उचली. माझ्याकडे पाहणे मात्र टाळायचा.

आणि एक दिवस महिपतीकाका न सांगता आले. साईनाथने घाईघाईने माझ्यावर फडके टाकले.

"काय रे, पिशवी ठीक आहे ना?"

"हो काका. अजून वेळ आहे."

फडक्याखाली मला काळोखाहून त्या शब्दांची जास्त लाज वाटली. तेवढ्यात मथुराबाई चहा घेऊन आल्या. "बरणी कशापायी झाकली रं? लोणचं घातलंय व्हय त्यात?"

मग साईनाथनेच फडके काढले. "काका, मी आधीच भिजवलं. मित्रांना दाखवायला."

काका वाकून बराच वेळ पाहत राहिले. "टाळ्या पडल्या ना भरपूर?" एवढेच ते म्हणाले.

मथुराबाई तिथेच खाली बसल्या. "मुरायच्या आत उघडली व्हय रं," त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतले नाही. घेतले असते तर साईनाथला बरे वाटले असते.

काकांनी माझ्यातला भुसा पिळून कागदावर पसरला आणि चष्मा काढून नाक टेकेपर्यंत वाकले. न फुटलेली थोडी अंडी त्यात होती. भुसा पुन्हा पिशवीत भरून ते ती आपल्या घरी घेऊन गेले. साईनाथकडे ठेवली नाही. त्याने मागितलीही नाही.

त्या अंड्यांतून सात पिल्ले जगली. पुढच्या हंगामात काकांनी अंड्यांची एक पिशवी साईनाथच्या हातात ठेवली. या वेळी तारीख लिहायला पेनही त्याच्याच हातात दिले.

मित्रांनो, झोपलेल्या जिवाला आपल्या हौसेसाठी उठवू नका. उठवलेच, तर त्यावर फडके टाकू नका. मी आता टाकीशेजारी कोरडी बसून आहे. परवा राकेश पुन्हा आला आणि म्हणाला, "दाखव ना."

साईनाथने माझ्याकडे पाहिले. "अजून वेळ आहे," तो म्हणाला. आणि या वेळी ते खरे होते.