राहतं घर

ट्रॅक्टरवाल्या गेणबानं आढ्याजवळचा शेवटचा पत्रा खाली सोडला आणि केसरबाईच्या चुलीवर ऊन पडलं. हे छप्पर चढल्यापासून तिथं ऊन पडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"आये, सांजच्याला परत चढवतो," खालून पत्रा धरलेला ज्ञानदेव म्हणाला. बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

तिचा हा एकुलता एक लेक बारामतीला एका कंपनीत कारकून होता. कंपनीनं घरासाठी कर्जाची योजना काढली होती. व्याज कमी, वर करात सूट, पण माणसाचं घर पहिलंच हवं. आणि कळंबचं हे घर नेमकं ज्ञानदेवच्याच नावावर. तो शाळेत असताना त्याच्या बापानं, कुंडलिकनं, मोठ्या हौसेनं ते पोराच्या नावावर चढवलं होतं. आता आईच्या नावावर करावं, तर नियमात आईही कुटुंबातच धरलेली. वाट एकच उरली. छप्पर नसलं की घर राहतं धरत नाहीत. कंपनीचे साहेब येऊन बघून जाईपर्यंत पत्रे उतरवायचे, की झालं. ज्ञानदेवनं दिवाळीतच हे सगळं तिच्या गळी उतरवलं होतं. लेकाचं भलं होत असेल तर ती कशाला आडवी येते?

पत्रे अंगणातच रचायचे, तर गेणबानं ट्रॅक्टरला ट्रॉली कशाला जोडून आणली, एवढं मात्र तिला कळेना. तिनं विचारलं, तर गेणबा दोराच्या गाठी सोडवत बसला.

घर ओसाड दिसलं पाहिजे, असं बजावून ज्ञानदेव साहेबांना आणायला फाट्यावर गेला. भांडीकुंडी शेजारच्या साखरबाईकडं ठेवून केसरबाई परत आली, तर शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाची काजळी उघड्या घरात जमिनीवर पडत होती. मोठा माणूस दारी यायचा आणि घर असं? तिला ते बघवेना. साखरबाईच्या गोठ्यातलं पाटीभर शेण आणून तिनं कोपरा न् कोपरा सारवून काढला.

ज्ञानदेव साहेबांना घेऊन आला आणि ओली जमीन बघून पांढराफटक पडला. साहेब मात्र सवयीनं उंबऱ्याशी थांबले, बूट काढले आणि अनवाणी आत आले. आत आल्यावर त्यांनी आधी वरचं मोकळं आभाळ पाहिलं, मग सारवण, मग केसरबाईला.

"आजी, इथं कोण राहतं?"

ज्ञानदेव खाली मान घालून उभा होता. लहानपणी बापाचा मार चुकवायला तिच्या पदराआड दडायचा, तेव्हाही तो असाच दिसायचा. केसरबाईचं काळीज तुटलं.

"कुणी न्हाय," ती म्हणाली.

"मग सारवलंय ते?"

"हाताला सवय हाय, सायेब."

साहेब उंबऱ्याकडं वळले. बाहेर येऊन बुटाचे बंद बांधता बांधता ज्ञानदेवला म्हणाले, "पडीक आहे असं लिहितो. पण कर्ज फिटेपर्यंत यावर छप्पर चढता कामा नये. चढलं की सवलत गेली. नियम ठाऊक आहे ना?"

"व्हय सायेब. ठाऊक हाय."

ट्रॉली कशाला आणली ते आता केसरबाईला कुणी सांगायला नको होतं.

साहेबांना फाट्यावर सोडून ज्ञानदेव परतला तोवर गेणबानं पत्रे ट्रॉलीत रचून करकचून बांधले होते. बांधकामावर सिमेंट झाकायला उपयोगी पडतील, असं ज्ञानदेव बाहेरूनच सांगत राहिला. नवं घर उभं राहीपर्यंत बारामतीच्या खोलीत सगळ्यांनी दाटीवाटीनं राहायचं, अंजलीनं सासूसाठी मोरीजवळचा कोपरा रिकामा केलाय, असंही म्हणाला. कर्ज कधी फिटणार, ते त्यानं सांगितलं नाही.

केसरबाई आत ऐकत होती. साहेबांची अनवाणी पावलं ओल्या जमिनीत उमटली होती. तिनं ती हातानं सारखी केली आणि चुलीपाशी जाऊन बसली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. ज्ञानदेव बूट न काढताच सारवणावरून आत आला.

"आये, चल. अंधार पडंल."

तिनं मान वळवली नाही.

"कुणाला बोलावतोस? हितं कुणी ऱ्हात न्हाय."