सहाव्या गाण्यातली किंकाळी

त्या तिकोनी तुकड्यावर अर्धा कान होता. अर्धा कान आणि गालाचा जरासा भाग – मिशन दवाखान्यातला वॉर्डबॉय लटारू, त्याचं जुनं ओळखपत्र, आणि त्याच्याच पोरानं, निकेशनं, ते कात्रीनं कापून गिटारच्या तारा छेडायला केलेला तुकडा. तो तुकडा निकेश इथंच विसरून गेला होता. फारूकनं तो नखानं उलटा केला, सुलटा केला. बापाचा कान तारेवर घासायचा आणि त्यातून आवाज काढायचा... यात त्याला काही विशेष वाटलं नाही. हल्ली त्याला कशातच काही विशेष वाटत नसे, आणि या गोष्टीचा त्याला बारीकसा अभिमानही होता.

एप्रिलचं ऊन फारूकच्या रेकॉर्डिंगच्या दुकानाच्या पत्र्यावर तापत होतं. मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद – पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून बंद, आणि माइक बंद असला तरी सवयीनं बंद. या घामट खोलीत चंद्रपूरचे सगळे देव येऊन गेले होते. उरुसाचे कव्वाल, जागरणाची मंडळी, जयंतीचे गायक, झाडीपट्टीतले नाटकवाले. कोणाचा देव कोणता याच्याशी फारूकला घेणंदेणं नव्हतं. देवाचा आवाज फार चढला की तो उतरवायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी मात्र तो प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचा – इथी आलेला आवाज मी बदलत नाई – आणि मग बिनदिक्कत बदलायचा. बेसूर गळे सरळ केले होते त्यानं, दारू पिऊन गायलेली भजनं सोज्वळ केली होती. कोणी तक्रार केली नव्हती. माणसाला स्वतःचा खोटा आवाज फार आवडतो.

निकेश आणि त्याचे तीन दोस्त डिसेंबरात आले तेव्हा फारूक त्यांचं वाजवणं ऐकून हसलाच होता.

"हे असलं आता कोण ऐकते बे? न्यू-मेटल का काय म्हणत याले. कॅसेटच्या जमान्यातलं रॉक. मेलं ते."

"म्हणूनच तं, भाऊ," निकेश म्हणाला होता. "मेलेलं तिसऱ्या दिवशी उठते, हे आमच्या चर्चमंधी पोट्ट्यालेबी माहीत आहे. याले दहा वर्षं लागून राह्यले, एवढंच."

असल्या गाण्यांना लागते ती सात तारांची गिटार चंद्रपुरात मिळत नाही. पोरांनी साध्या गिटारची खाच कानशीनं रुंद केली, तिच्यात बेस गिटारची जाड तार बसवली आणि ती इतकी ढिली सोडली की वाजवताना लाकडावर आपटायची. चूक होती ती. कोणताही वाजवणारा याला चूकच म्हणेल. पण ओल्या जमिनीखालून काहीतरी फरपटत येतंय असा तो आवाज, त्यावर निकेशचं भरभर, दात चावून बोलणं – प्रार्थना, पण भांडणाच्या चालीवर – आणि मग किंकाळ्या. सात गाणी. ईस्टरला ख्रिस्ती देवळाच्या हॉलमध्ये अल्बम निघणार होता. ईस्टर तीन दिवसांवर आला होता.

आणि सहावं गाणं पडद्यावर उघडं होतं.

निकेशची आई कमळा पोंभुर्ण्याकडं मोहफुलं वेचायला गेली होती, वाघानं नेली. गाण्यात एवढंच. शेवटी गिटार एकदम थांबते, निकेश श्वास घेतो, आणि ओरडतो – काऊन, म्हणजे 'का'. एकच शब्द, चौदा सेकंद. शेवटच्या सेकंदांत तो शब्द राहत नाही, नुसतं मांस फाटल्यासारखं काहीतरी उरतं. त्यानंतर निकेशचा गळा जो बसला तो बसलाच. डॉक्टरनं सहा महिने बोलायलाच बंदी घातली. म्हणजे दुसऱ्यांदा घेता येणार नव्हतं. जे होतं ते हेच होतं.

काल देवळाच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे पाद्र्यांचा, फोन आला होता. किंकाळी काढा. परमेश्वराला असा जाब विचारणं मंडळीला चालणार नाही, कमिटीलाही चालणार नाही; नाहीतर हॉल मिळणार नाही. निकेशला हे कळलं तेव्हा तो इथं येऊन बसला होता, गळ्याला रुमाल, आणि बोलता येत नाही म्हणून एका कागदावर लिहून गेला होता. कागद अजून की-बोर्डखाली होता. *येशूनंबी क्रुसावरून बापाले 'मले काऊन सोडलं' असं इचारलंच होतं. त्याचं कोणी कापलं नाई.* आणि खाली, जरा वाकड्या अक्षरात – *आता तुमच्या हाती आहे, भाऊ.*

फारूकनं चौदा सेकंदांवर माउस ओढला. ते निळे झाले. त्यानं बोट दाबलं. गेले.

किती सोपं असतं... मुन्नाच्या वेळीही किती सोपं गेलं होतं. धाकटा भाऊ, बांबूचा ट्रक चालवायचा, आलापल्लीच्या पुढं. एक दिवस ट्रक तिथंच राहिला आणि मुन्ना दुसऱ्याच्या ट्रकमधून आला, ताडपत्रीखाली. हे म्हणाले, त्यांनी मारला. ते म्हणाले, यांनी मारला. जंगलात दोन्हीकडचे लोक, पोलीसही आणि नक्षलीही, बंदूक घेऊन फिरतात आणि मधोमध ड्रायव्हर असतो, त्याला काय विचारायचं! अब्बा म्हणाले – सब्र करो, पूछो मत. शेजारी म्हणाले, सब्र. मौलवीसाहेब म्हणाले, सब्र. आणि फारूकनं... नाही, दुसऱ्यावर कशाला ढकलू? मी. मी कबरीत तीन मुठी माती टाकली आणि हात झटकले. मला तोंड होतं. कचेऱ्या उघड्या होत्या. मी कुठल्याही दारात उभा राहून विचारू शकत होतो, फार तर हाकलून दिलं असतं. मी नाही विचारलं. लोक म्हणाले, फारूक किती समजूतदार. नऊ वर्षं तो समजूतदार होता. भेकडाला समजूतदार म्हणण्याची पद्धत सगळ्याच धर्मांत आहे; त्याबाबतीत एकी चांगली आहे.

दुपारी पाळकसाहेब आले. बरोबर केसरबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेली दाई, देवळाच्या कमिटीतली एकमेव बाई. तिला खुर्ची दिली. पाळकसाहेबांनी उभ्यानंच ऐकलं, डोळे मिटून. वाघ आला, कमळा गेली, गिटार थांबली... आणि शांतता.

"हं," पाळकसाहेब म्हणाले. "आता कसं शोभतं. पवित्र वाटतं. आभारी आहे, फारूकभाई."

"अन् तो बोलला काऊन नाई?" केसरबाईनं विचारलं.

"कोण?"

"निकेश. दम घेतला ना त्यानं. मोठ्ठा दम घेतला. अन् मंग काईच नाई. मी वाट पाहून राह्यली."

पाळकसाहेब हसले. "बाई, गाणं संपलं तिथं."

"संपलं कायचं? हजार बाया मोकळ्या केल्या मी, साहेब. असा दम घेतल्यावर माणूस चूप नाई राहत. चूप राह्यलं तं आम्ही घाबरतो."

फारूकनं पडद्याकडं पाहिलं. त्यानं किंकाळी कापली होती आणि तिच्या आधीचा श्वास राहून गेला होता. वीस वर्षांच्या कामात अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती – गाणाऱ्याचा श्वास ठेवायचा हे हाताला इतकं पक्कं बसलेलं, की हातानं त्याला न विचारता ठेवला. आता तो तिथं होता. छाती भरून घेतलेला, आणि पुढं काही नाही.

"तो श्वासही काढून टाका," पाळकसाहेब जरा तुटकपणे म्हणाले. "संध्याकाळी पोरगा पाठवतो, सीडी द्या त्याच्याजवळ."

"काढतो," फारूक म्हणाला.

जाताना केसरबाई दारात थांबली. "कमळीले मीच मोकळी केली होती, भाऊ. ह्या निकेशच्या वेळेस. तिनं तं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता." आणि ती उन्हात उतरली.

त्यानं श्वासावर माउस नेला. दीड सेकंद. बोट ठेवलं, पण दाबलं नाही. पुन्हा लावून ऐकलं. पुन्हा. किंकाळी होती तेव्हा ती निकेशची होती, ती ऐकून तो कोरडा राहू शकला होता. पण हा नुसता श्वास कोणाचाही असू शकत होता. चौथ्यांदा ऐकताना त्याच्या लक्षात आलं की तोही छाती भरून बसला आहे.

"भाईजान, खाना." दारात हाजरा उभी होती, मुन्नाची बायको, हातात डबा. रोज याच वेळी यायची, डबा स्टुलावर ठेवायची, जायची. शिवणाच्या दोऱ्याचा एक तुकडा तिच्या बाहीला चिकटला होता. वय किती हिचं आता? पस्तीस? सब्र तर हिलाही सांगितलं होतं, सर्वांत आधी हिलाच, आणि ती काही म्हणाली होती का, याची त्याला आठवणच नव्हती. कारण तिकडं कोणी पाहिलंच नव्हतं.

"बैठ जरा," तो म्हणाला.

ती गोंधळली. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून गाणाऱ्याच्या उंच स्टुलावर टेकली, अंग चोरून. समोर माइक. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग फारूककडं.

"क्या हुआ, भाईजान?"

काही नाही, असं तो म्हणणार होता. ते वाक्य नेहमीच तयार असायचं. आज ते येईना. हाजरा थांबली होती, खोलीत उकडत होतं, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं... आणि हिनं आत्ता मुन्नाबद्दल तोंड उघडू नये असं आपल्याला वाटतंय की उघडावं असं, हे काही केल्या फारूकला कळेना.