पायथ्याची उशी

मुंगी आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. अनाथाश्रमाने तीन महिन्यांची मुदत घातली होती. पोर रुळली तर कायमची आमची, नाहीतर परत. बायकोच्या जिवात जीव नव्हता, म्हणून तिने फेंगशुई हाताशी धरलं. तिच्या कचेरीतली एक मैत्रीण त्यातली उंटावरची शहाणी.

मी गवंडी माणूस. घर भिंतींवर उभं राहतं, दिशांवर नाही, असं माझं मत. पण घरात आमच्या मताला विचारतो कोण? मुलीचं डोकं बाहेरच्या जाड भिंतीकडे हवं, पलंग दारापासून लांब हवा, समोर आरसा नको, पलंगाखाली अडगळ नको. मी मुकाट्याने पलंग तीनदा सरकवला, आरसा काढला, निळी भिंत फिकट पिवळी केली. खोली छान दिसायला लागली, हे कबूल करणं मला जड गेलं.

पोरगी मात्र रोज सकाळी उलटी सापडायची. उशी पायथ्याशी, डोकं मधल्या भिंतीला टेकलेलं. बायको उशी जागेवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मैत्रिणीच्या सल्ल्याने पलंग जरा ओढून पायथा आणि मधली भिंत यांच्यात पुस्तकांचं जड कपाट उभं केलं. आता मुंगी सरळ झोपायची, म्हणजे नुसती पडून राहायची. दोन आठवड्यांत ती शाळेत बाकावर डोकं टेकून झोपू लागली. बाईंनी आश्रमाला कळवलं. मुदतीला आठ दिवस उरले होते आणि आश्रमाच्या ताई दोन दिवसांनी बघायला येणार होत्या.

बायको स्वयंपाकघरात रडत बसली. मला तिचा रागही आला आणि कीवही. मी मुंगीजवळ जाऊन बसलो आणि सरळच विचारलं, तुला त्या बाजूलाच का झोपायचं असतं?

ती चादरीचा कोपरा चोळत म्हणाली, "काका, तिकडून तुमचं घोरणं ऐकू येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या आणि आमच्या खोलीमधली ती भिंत चार इंची, जागा वाचावी म्हणून मीच बांधलेली. मी म्हटलं, त्याने झोपमोड होत असेल ना.

"नाही. ऐकू आलं की कळतं, तुम्ही आहात. गप्प असलं की वाटतं, मला ठेवून गेलात."

बायको दारात उभी होती. तिने डोळे पुसले आणि कपाटाला खांदा लावला. कपाट बाहेर गेलं. पलंग ओढत ओढत मधल्या भिंतीशी आला, उशी थेट दाराला खेटून. मी म्हटलं, अगं, तुझ्या शास्त्रात हे बसत नाही. ती म्हणाली, हात लावा, तोंड चालवू नका.

रात्री नऊ वाजता मी पेपर उघडून बसलो होतो. तिने तो हातातून काढून घेतला.

"जा, झोपा आता," ती म्हणाली. "तिला झोपायचंय."