चेनला दोन बोटं ढील

"चेन आहे ती, केस नव्हेत! केवढं तेल चोपडतेस?"

पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले आमचे श्रीरंग माझ्या कानाशी कुरकुरत होते. त्यांचंही बरोबरच. गेल्या रविवारी मी खोबरेल लावलं होतं, घरात होतं ते. त्यावर शेजारच्या नव्या बिल्डिंगची धूळ बसली आणि मोटरसायकलच्या चेनची चिक्की झाली. ती आज डिझेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून घासून काढली आणि गॅरेजवाले वापरतात ते गिअर ऑइल लावायला घेतलं.

गणपतीत यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात ठेवावा तिथे राहतो. "बरे झालात की चालवाल," असं सगळेच म्हणतात. मीही म्हणते. पण गाडी तोवर उभी ठेवावी, तर आमच्या बोळिंजचा खारा वारा लोखंड खातो. आणि गॅरेजवाल्याने झटक्याचं कळलं त्याच दिवशी "विकायची का?" विचारलं, म्हणून त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

मी पाना फिरवून चेन चांगली ताणली. "बघा, सतारीसारखी झाली!"

"मैफल आहे का? पहिल्या खड्ड्यात तुटेल. दोन बोटं ढील ठेव."

मी नट सैल केला. ते वाकले आणि डाव्या हाताच्या बोटाने चेन खालून उचलून बघू लागले. "अजून... किंचित... बस्स." पहिल्या घासाला मीठ बरोबर लागल्यावर होतो, तसा चेहरा झाला त्यांचा. माझे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तळमजल्यावरची आग्नेस चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून परतत होती. "काय सुनंदाबाई, गॅरेज काढलं?"

"उद्घाटनाला या. केक तुमचा!"

मी बटण दाबलं. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं.

"झकास!" आग्नेस म्हणाली. "आता एक चक्कर मारून बघायला..." आणि तिने जीभ चावली.

"हे बरे झाले की मारतील ना," मी घाईघाईने म्हटलं.

इंजिन चालू होतं. आम्ही दोघी उगाच चेनकडे बघत राहिलो.

"मी बरा व्हायचो तेवढा झालो, सुनंदा," श्रीरंग म्हणाले. "या हाताने आता गाडी चालवणं व्हायचं नाही. तू शीक."