वखर न लागलेलं वावर

आमच्या ह्यांना साधं जगायचा झटका आला तेव्हा आधी गाडी गेली, मग फ्रीज आणि शेवटी मोबाईल. हे म्हणजे घनश्याम, वणीच्या कोळसा खाणीत अर्धं आयुष्य डंपर चालवलेला माणूस. नोकरी सोडून झरी जामणीकडच्या आमच्या गावी आले आणि म्हणाले, "विजू, जमीन लय उकरली आता. हे वावर झाकून ठेवू." तेव्हापासून माती उकरायला वावरात वखर नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी तिथेच आडवी, वर सोयाबीनच्या मळणीचं कुटार. झाकलेल्या जमिनीत जीव परत येतो, असं त्यांचं म्हणणं.

मी शेतकऱ्याची मुलगी. माझ्या बापाचं वावर मे महिन्यात सारवलेल्या अंगणासारखं दिसायचं. आमचं ते कचऱ्याचं वावर पाहिलं की माझा जीव खालीवर व्हायचा. बाजारात बायकांनी विचारलं की मी सरळ भाजीच्या भावाचा विषय काढायची.

परवा हे एका लग्नाला वणीला गेले आणि संध्याकाळी शेजारची मानीबाई आली. आवाज अगदी हळू.

"घनश्यामभाऊले दवाखान्यात नेलं काय वो?"

"नाही वो मानीबाई. लग्नाले गेले."

"लपवू नको. वावराले दोन साल वखर नाही, आमाले काय समजत नाही? उद्या गाव इर्जिक घालून राह्यलं तुमच्याकडं. तू फक्त सैपाकाचं पाय."

कुणाच्या घरचा कर्ता अंथरुणाला खिळला की आमच्या गावातले लोक आपापले बैल, आपापले वखर घेऊन त्याचं वावर करून देतात. पैसा घेत नाहीत, फक्त जेवतात. ह्यांच्या प्रयोगाला गावानं आजारपण समजलं होतं. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं, पण विचारलं ते एवढंच, किती जण जेवतील. खरं सांगू? मनातून मला आनंदच झाला होता. वावर साफ होईल आणि दोषही माझ्या माथी येणार नाही. ह्यांना कळवणार कसं, मोबाईल तर ह्यांनीच विकला!

सकाळी भाकरी थापताना मात्र एक करपली, एक फाटली. टोपली भरून वावरात पोचले तर बैलजोड्या येऊन उभ्या होत्या. पुढे डोंगरसिंगकाका, गावातले सगळ्यात जाणते. त्यांनी कोपऱ्यात वखर घातला. कुटार चुरगळत बाजूला झालं आणि खालची काळी, ओलसर माती उघडी पडली.

त्याच कोपऱ्यात हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसतात. भाताच्या भांड्यावरचं झाकण काढून पाहावं तसं कुटार उचलून पाहतात. वणीला हा माणूस झोपेत ब्रेक दाबायचा, दचकून ओरडत उठायचा. इथे शांत झोपतो. मी भ्याले. ह्यांना काय तोंड दाखवू?

टोपली टाकून धावले, बैलांपुढे उभी राहिले. "थांबा काका! हे बिमार नाहीत. वावर मुद्दामच तसं ठेवलं हाय."

काकांनी कासरा ओढला. "मुद्दाम?"

"हो."

"मंग तं कठीण हाय. बिमारीले दवाई तरी असते."

मागे कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. मी म्हटलं, निदान जेवून तरी जा.

"काम केल्याबिगर इर्जिकीचं कोणी खात नाही, बाई." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी वखर उचलला, जोडी वळवली आणि बाकीचेही त्यांच्यामागे निघून गेले.

दुपारी हे आले. सगळं ऐकून आधी त्या कोपऱ्यात धावले, कुटार सारखं करत म्हणाले, "वाचवलंस, विजू!"

मला संतापच आला. "अन् उद्या तुम्ही खरंच बिमार पडले तं? मी कोणाच्या दारी जाऊ?"

त्यांचा हात थांबला.

"काकांची वखरणी झाली काय?" त्यांनी विचारलं.

"कायची होते? ती सोडूनच आलते ते आपल्याकडं."

हे उठले, हातावरचं कुटार झटकलं. "मंग उद्या मी जातो त्यांचा वखर हाणाले," असं म्हणाले, पण माझ्याकडे पाहून नाही.