नाळेतली आतडी

बाबांच्या बायकोचा आजार उशिरा कळला आणि ती गेली. त्यामुळे लेकीला दिवस गेल्यावर बाबांनी हट्ट धरून तिची सोनोग्राफी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी करून घेतली. बाळाच्या बेंबीपाशी फुगवटा दिसला आणि हे काय, असं बाबांनी लगेच विचारलं.

"ही आतडी आहेत," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "ती भराभर वाढतात, पोटात मावत नाहीत, म्हणून थोडे दिवस नाळेत राहायला जातात. पोटात जागा झाली की वळसा घेऊन परत येतात. तुम्ही घाई केलीत, म्हणून दिसलं. पुढच्या महिन्यात या."

"आणि नाही आली परत तर?"

"तर जन्मल्यावर ऑपरेशन. पण बहुतेक येतातच."

रस्त्यात लेक म्हणाली, "बाबा, महिनाभराचा घोर लावलात जिवाला." तिचं खरंच होतं.

पुढच्या महिन्यात पडद्यावर पोट सपाट दिसलं. "गेली सगळी आत," बाई म्हणाल्या. लेक रडता रडता हसली.

"आता पुढची तपासणी कधी करायची, आजोबा?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा," बाबा म्हणाले. "एक दिवसही आधी नाही."