ॲडलेडला निघालेलं कापड

“आत काय आहे?” टपाल कचेरीतल्या दार्माजींनी विचारलं.

“कापड.”

“नुसतं कापड? परदेशात चाललंय, बाई. तिथले लोक सगळ्यात नाक खुपसतात. असेल ते सगळं लिहावं लागतं.”

“नुसतं कापड हो. नेसायचं, बाटिकचं जुनं सारोंग. साप नाही ठेवलेला आत!”

दार्माजी हसले आणि त्यांनी फॉर्मवर एकच शब्द लिहिला. सुकेसी खोटं बोलत नव्हती. तिच्या लासेम गावात मेणाने नक्षी काढून रंगवलेलं जुनं बाटिक ठेवायचं म्हणजे कसर लागू नये म्हणून घडीत वाळ्याच्या मुळ्यांची जुडी ठेवायचीच. तिची आई ठेवायची, आजी ठेवायची. ती जुडी वेगळी सांगायची असते, हे बिचारीच्या डोक्यातही आलं नाही.

साठी उलटलेली सुकेसी एकटी राहायची आणि जुनी कापडं ऑनलाइन लिलावात विकून पोट भरायची. प्रत्येक कापडाखाली तिची एक अट असे: परदेशात पाठवणार नाही. एकदा पाठवून हात पोळले होते. गिऱ्हाइकाने रिकामी पेटी आली असा कांगावा केला, लिलाववाल्यांनी त्याचंच खरं मानलं, आणि कापड गेलं ते गेलंच. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

हे शेवटचं कापड तिने फार जड मनाने लिलावात मांडलं. फोटो काढला तोही अर्धी घडी उलगडून. जुनं कापड उन्हात पुरतं पसरायचं नसतं. दुसऱ्याच दिवशी ॲडलेडहून निरोप आला.

‘तो लाल रंग आमच्या अंगणात चढवलेला आहे. नक्षी माझ्या आईने काढली आहे. मी सतरा वर्षांची असताना आम्ही लासेम सोडलं, आता ऐंशी पार केली. मेल्यावर अंगावर घालायला आईच्या हातचं काहीतरी हवं गं. अट मोड, पोरी.’ खाली नाव होतं, स्वान निओ.

सुकेसीला वाचता वाचता रडू आलं. तिची आई त्याच अंगणात नक्षीचं मेण तापवायला कामाला होती. घर रिकामं करताना मालकिणीने, म्हणजे स्वान निओच्या आईने, हे कापड तिच्या हातात ठेवलं होतं, आणि आईने ते जन्मात कधी नेसलं नाही. सुकेसीने अट मोडली. स्वान निओने लिलाव जिंकला आणि ती रोज फोन करू लागली. सुकेसी तिला ‘चिक’ म्हणायची, लासेममध्ये थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

“कुठवर आलं गं?”

“कालच तर निघालंय, चिक! नवरीसुद्धा इतकी वाट बघत नाही.”

“मरायला टेकलेली नवरी आहे मी. बरं, तिकडे भाताच्या वड्यांचा, बदकाच्या रश्श्यातला लोन्तोंग मिळतो का अजून?”

“मिळतो की. पण रश्श्यात बदक शोधावं लागतं हल्ली.”

म्हातारी हसायची, हसता हसता खोकायची आणि मग उगाचच कुठली तरी गल्ली विचारायची. ती गल्ली आता उरलेली नाही, हे सुकेसी तिला सांगत नसे.

आणि एक दिवस फोन यायचे बंद झाले. एक आठवडा गेला, दोन गेले. कापड मिळालं आणि गरज सरली, सुकेसीच्या मनात आलं. पुन्हा फसले असं वाटून तिने स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

सहाव्या आठवड्यात फोन आला. आवाज पार खोल गेलेला. चिक घरात पडली होती, खुबा मोडला होता, आजच इस्पितळातून परतली होती. दारातल्या पेटीत सरकारी तपासनाक्याचं पत्र पडून होतं. पार्सलमध्ये न कळवलेल्या मुळ्या सापडल्या आहेत. कापडावर कीड मारायची प्रक्रिया करायची की ते परत पाठवायचं, ते तीस दिवसांत कळवा, नाहीतर नष्ट केलं जाईल. तीस दिवस उलटून गेले होते.

“मुळ्या कसल्या, सुकेसी?”

“वाळा. मीच ठेवला, चिक. वाळ्याशिवाय कसं पाठवणार होते?”

पलीकडे पत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

“आईही ठेवायची,” म्हातारी म्हणाली. “मी पाठवलं असतं तर मीही ठेवला असता.”

“शिव्या द्या मला, चिक.”

“उद्या देईन. आज मला ते कापड सांग. फोटोत अर्धंच होतं. उरलेलं सांग.”

सुकेसीने डोळे मिटले. काठावरची कमळं सांगितली, त्यांच्या मधले निळे वेल सांगितले, लांब शेपटीचे दोन पक्षी सांगितले. म्हातारी प्रत्येक गोष्टीला “हं” म्हणत होती.

“आणि खालच्या कोपऱ्यात एक लहान पक्षी आहे. एकटाच. मान वळवलेली आहे त्याची, पण...” सुकेसी अडखळली. इतकी वर्षं जपलेलं कापड, आणि नेमकं हेच आठवेना. “तो कुठे बघतो, ते विसरले, चिक.”

“माझ्याकडे,” स्वान निओ म्हणाली. “आई तो काढत होती तेव्हा मी दारात उभी होते.”

सुकेसीने पुढचा काठ, एकही पाकळी न गाळता, सांगायला घेतला.